दोन नकार आणि एक दाढी

दुबईत कास्टिंगचं काम करून मला वीस वर्षं झाली. माणूस दारातून आत आला की तो कॅमेऱ्यासमोर उभा राहील की नाही, हे मी खुर्चीतून न उठता सांगते आणि सहसा चुकत नाही. म्हणूनच जी एक चूक केली ती सांगायला लाज वाटत नाही. म्हणजे, वाटते थोडी.

आमच्या सिनेमात एक म्हातारा इराणी नाखवा हवा होता, पांढऱ्या दाढीचा. दुबईतल्याच देरा भागात मुलीकडे राहणारे एक जुने नट मला कुणीतरी सुचवले. तेहरानच्या पडद्यावर त्यांनी उभी हयात काढलेली. तरुणपणी खलनायक, तो लोकांना इतका पटायचा की गल्लीतला बेकरीवाला मुद्दाम शिळी रोटी द्यायचा, हे ते आजही अभिमानाने सांगतात. केस पिकले तसे ते फौजदार झाले, मग न्यायाधीश, आणि शेवटी मालिकांमधले सोशिक वडील. बायको गेल्यावर मुलीने इकडे आणलं. त्यानंतरची चार वर्षं कॅमेऱ्याशिवाय गेली होती.

फोटोंचा आल्बम घेऊन ते ऑफिसात आले. गुळगुळीत दाढी केलेली, इस्त्रीचा कोट. भूमिका ऐकून छातीवर हात ठेवत म्हणाले, "खानम, मी आता थकलो. कुणी चांगला नट बघा."

"मला तुम्हीच हवे आहात."

"माझी कसली लायकी?"

मी पुण्याची. नाही म्हणजे नाही. दुसऱ्यांदा विचारलं हेच माझ्या मते खूप झालं. त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं आणि दुसऱ्या नटाला फोन लावला.

तीन आठवड्यांनी, ऑफिसात राहिलेला आल्बम परत द्यायला देऱ्यात गेले. दार त्यांनीच उघडलं. चेहराभर पांढरी दाढी वाढलेली होती.

चहाच्या निमित्ताने त्यांची मुलगी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दुबईत शिकलेल्या हिंदीत हळूच म्हणाली, "हमारे यहाँ दो बार ना बोलना पड़ता है. आपने तीसरी बार पूछा ही नहीं. पापा रोज़ फ़ोन देखते हैं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पानावर आडवा हात धरून "नको, नको" म्हणणाऱ्या किती पाहुण्यांना मी जिलेबी वाढली आहे! हाताखालून सरकवून वाढली आहे. आणि ऑफिसच्या टेबलाशी बसल्यावर मला आग्रह म्हणजे काय, तेवढंही आठवू नये?

जिन्यात जाऊन दिग्दर्शकाला फोन केला. तो मुंबईचा, माझ्या मुलाच्या वयाचा.

"मॅडम, कास्टिंग लॉक आहे. अ‍ॅग्रीमेंट पाठवलंय. खलास."

"साइन होऊन आलंय का?"

"नाही, पण..."

"मग चूक माझी आणि निस्तरणारही मी. त्या दुसऱ्या नटाला बंदरातल्या ऑफिसरचा रोल देऊ. तू यांची एक टेस्ट घे."

"एकच हां, मॅडम."

वर गेले आणि तिसऱ्यांदा विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता?"

टेस्ट बघून दिग्दर्शक वाद घालायचा विसरला. त्याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

शेवटचा सीन फुजैराच्या किनाऱ्यावर होता. नाखवा आपली विकलेली लाँच बंदराबाहेर जाताना बघतो, इतकंच. त्यांनी ते असं केलं की मॉनिटर सोडून मी त्यांच्याकडेच बघत राहिले. दिग्दर्शक "ओके" म्हणाला, टाळ्या पडल्या, लाइटवाले वायरी गुंडाळू लागले. ऊन डोंगराआड चाललं होतं. आता छातीवर हात ठेवून ते सगळ्यांचे आभार मानतील, म्हणून मी पाण्याची बाटली घेऊन पुढे गेले.

ते जागचे हलले नाहीत.

"मला अजून एक टेक हवा."

"सर, परफेक्ट होता," दिग्दर्शक म्हणाला.

"मला हवा आहे."

त्यांचे दोन्ही हात खाली होते. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. मी लाइटवाल्यांना वायरी परत पसरायला लावल्या.