न आलेल्या माणसाचा वाटा

निजामाच्या राज्यात, जळकोटच्या अलीकडच्या एका खेड्यात मी मिशनचा मास्तर होतो. फादर दोन-तीन महिन्यांतून एकदा छकड्यातून यायचे. बाकीचे रविवार माझ्या हवाली. आमची पंधरा ख्रिस्ती घरं शाळेच्या खोलीत जमायची आणि मी बोलायचो. बोलायची मला भारी हौस. प्रभूनं कोळ्यांना हाक मारली आणि ते जाळी टाकून त्याच्यामागं निघाले, हा भाग आला की मी अंगात आल्यासारखे हातवारे करायचो. विहिरीपेक्षा जास्त पाणी मी पाहिलेलं नव्हतं, पण ऐकणाऱ्यांनी तरी कुठं पाहिलं होतं?

मग माझं लग्न झालं. फादरांच्या ओळखीतून मुलगी मिळाली ती थेट वसईकडच्या कोळीवाड्यातली. पहिल्याच रविवारी मी जाळं फेकून दाखवलं, तर बायकांच्या रांगेत ही पदर तोंडाला लावून हसत बसली. घरी येऊन विचारलं तेव्हा म्हणाली, असं जाळं फेकणारा माणूस आधी स्वतःच पाण्यात पडेल. मला राग आला. दोन दिवस मी अबोला धरला आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता, कारण ती सारखी शेजारी गेलेली असायची.

शेजारी एक दर्जी राहायचे, नवरा-बायको दोघंच. आम्ही त्यांना भाई आणि भाबी म्हणायचो. हिनं माहेराहून आणलेले सुके बोंबील भाजले तेव्हा साऱ्या गल्लीनं नाकाला पदर लावला. भाबी तेवढ्या वाटी घेऊन आल्या. त्या दिवसापासून दोघींचं मेतकूट जमलं. ही ज्वारीची भाकरी थापायला शिकली, त्या बोंबलाची चटणी करायला शिकल्या. भाई माझे सदरे शिवायचे आणि बाही कायम चार बोटं लांब ठेवायचे, का ते त्यांनाच ठाऊक.

निजामाचं राज्य गेलं त्याच्या थोडे दिवस आधी भाई कापड आणायला हैदराबादला गेले. मधे धामधूम झाली. राज्य बदललं, येणं-जाणं सुरू झालं, पण भाई आले नाहीत. कुणी म्हणे पळाले, कुणी म्हणे वाटेत संपले. खरं कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच सुमाराला आमच्या घरात एक नवी रीत सुरू झाली. संध्याकाळी स्वयंपाक झाला की ही आधी दोन भाकऱ्या आणि कालवण एका ताटलीत काढी, वर फडकं टाकी आणि शेजारी नेऊन देई. मला वाटलं, दोन-चार दिवस करेल. महिना झाला. दिवस वाईट होते. कोण कुणाच्या घरी जातं यावर लोकांचे डोळे होते, आणि आमची पंधरा घरं म्हणजे ना घरची ना घाटाची. मी तिला बजावलं की भाबींना दीर आहे, तो बघून घेईल, तू आता तिकडं जाऊ नकोस.

ती म्हणाली, "मी भाबींना जेवण देत नाही. तो भाईंचा वाटा आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. त्यांच्याकडं होड्या किनाऱ्याला लागल्या की वाळूवर मासळीचे वाटे घालतात. ज्या घरचा माणूस समुद्रावरून परतला नाही, त्याचाही वाटा पडतो आणि तो सगळ्यांच्या आधी पडतो. त्याला दान म्हणत नाहीत. त्या घरच्या बाईला विधवा म्हणत नाहीत. ती आपल्या तोंडानं 'आता नको' म्हणेपर्यंत वाटा जात राहतो, आणि तसं म्हण असं तिला कुणी सुचवायचंही नाही. एवढं सांगून तिनं मलाच विचारलं, "तुमचे ते कोळी जाळी टाकून प्रभूच्या मागं गेले. त्या संध्याकाळी त्यांच्या बायकांना वाटा कुणी पोचवला?"

इतकी वर्षं मी त्या माणसांबरोबर मोठ्या ऐटीत निघून जात होतो. किनाऱ्यावर मागं राहिलेल्या घरात काय शिजलं, हे कधी मनातच आलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. पण खरं सांगायचं तर भीतीही गेली नाही. ती ताटली घेऊन जात राहिली आणि मी दारात उभा राहून रस्त्यावर कोण आहे ते बघत राहिलो.

पुढं भाबींच्या दिरानं घाई मांडली. माणूस वाईट नव्हता. त्यालाही चारचौघांची बोलणी खावी लागत होती. भाऊ गेला असं धरून त्याच्या नावानं फातिहा करायचा, भाबींनी बांगड्या उतरवायच्या, भाईंचं शिलाईचं मशीन विकायचं आणि त्यांनी त्याच्या घरी राहायला जायचं, असं ठरवून तो एका संध्याकाळी दोघा-तिघा वडीलधाऱ्यांना घेऊन आला. भाबी भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. सगळे त्यांना समजावत होते. तेवढ्यात माझी बायको रोजच्यासारखी ताटली घेऊन निघाली. तिला अडवायला मी मागोमाग धावलो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

तिनं ताटली मशीनजवळ, भाईंच्या जागी ठेवली. दीर म्हणाला, "बाई, तुमी लई केलं. पर आता थांबवा. मानूस यायचा न्हाय."

"भाबी नको म्हणाल्या की थांबेन," ती म्हणाली.

सगळ्यांनी भाबींकडं पाहिलं. त्यांनी पदराखालचे हात बाहेर काढले. बांगड्या होत्या. त्यांनी ताटली पुढ्यात ओढून घेतली आणि हिला म्हणाल्या, "उद्या बी आन."

वडीलधारे उठले. त्यांच्या मागोमाग दीरही गेला.

त्यानंतर सात-आठ महिने वाटा गेला. ही तापानं पडली तेव्हा मी नेऊन दिला, भरल्या रस्त्यातून, आणि मला कुणी खाल्लं नाही. प्रभूवर विश्वास ठेवा असं मी लोकांना नेहमी सांगायचो. दिसत नसलेल्या माणसासाठी भाकरी नेताना तो शब्द पहिल्यांदा माझ्या हाताला लागला.

भाई आले नाहीत. एका सकाळी भाबी स्वतः आमच्या दारात आल्या, ताटली घासून लख्ख केलेली. हातात बांगड्या नव्हत्या. "आता नगं, बाई," एवढंच म्हणाल्या. दोघी उंबऱ्यावर बसून पोटभर रडल्या.

दुपारी मी हिची समजूत घालायला गेलो. म्हटलं, तुमच्याकडंही सगळ्या बायका शेवटी असंच म्हणत असतील ना?

"सगळ्या नाही," ती म्हणाली. "बाबांना समुद्रावर जाऊन चौदा वर्षं झाली. आईनं अजून नको म्हटलेलं नाही."

लग्नात तिचा हात तिच्या मामांनी माझ्या हातात दिला होता. वडील वारले असतील, असं धरून मी कधी विचारलंच नव्हतं. माझी बायको त्या वाट्यावर वाढली, हे मला त्या दुपारी कळलं.