ड्रायव्हरकाकांची हजेरी

आठवडाभर दुसऱ्यांची पोरं वाहून दमलेला माणूस रविवारी काय करतो? लोळतो. निदान शहाणा माणूस तरी लोळतो. पण ड्रायव्हरकाका त्या रविवारी उजाडायच्या आत अंघोळ करून, केस चापून बसवून तयार होते आणि पलंगावरच्या दोन गाठोड्यांना गदागदा हलवत होते.

"एक?"

"आहे!" पांघरुणातून भिंगरी ओरडली.

"दोन?"

"आहे! आहे! बाबा, आज भुलभुलैया ना?" ढब्बूने उशीसकट खाली उडी मारली.

ही हजेरी काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं. काका शाळेची बस चालवायचे. गर्दीच्या रस्त्यावर मागे वळून बघण्याची सोय नाही, म्हणून त्यांनी बसमधल्या प्रत्येक मुलाला एक नंबर दिला होता. सिग्नलला बस थांबली की काका पुढे बघतच नंबर पुकारायचे आणि मागून "आहे, आहे" येत राहायचं. शेवटचं मूल उतरलं की ते स्वतः मागच्या सीटपर्यंत जायचे आणि प्रत्येक सीटखाली वाकून बघायचे, कारण लहान मुलं झोपली की घरंगळून कुठे जातील याचा नेम नसतो. इतक्या वर्षांत एकही मूल त्यांच्या बसमध्ये राहून गेलं नव्हतं. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट चहाचा कप हातात पडायच्या आत ऐकावी लागायची.

तीच सवय घरात शिरली. सहा वर्षांची भिंगरी एक नंबर, चार वर्षांचा ढब्बू दोन नंबर. जेवायला बसताना हजेरी, जिना उतरताना हजेरी, न्हाणीघराच्या दारावर टकटक करून हजेरी. त्यांची बायको नर्स होती. ती म्हणायची, "घर आहे की पलटण?" आणि तरीही हसायची.

मात्र या सहलीचा विषय निघाला तेव्हा ती हसली नव्हती. तिला रविवारची ड्युटी होती. शहराबाहेरच्या मोठ्या बागेत झुडपांचा भुलभुलैया झाल्यापासून पोरांनी घर डोक्यावर घेतलं होतं आणि काका म्हणाले होते, मी एकटा नेतो दोघांना. एकट्याने दोघांना बाहेर नेण्याची ही पहिलीच वेळ. मागे एकदा ते फक्त ढब्बूला केस कापायला घेऊन गेले होते. केस व्यवस्थित कापून आणले, पण पोराच्या पायात दुसऱ्याच कुणाचे तरी बूट होते.

"अगं, बसभर पोरं सांभाळतो मी," काका म्हणाले.

"बसला दार असतं," ती म्हणाली.

काकांनी नुसतं तोंड पाडलं, आणि तोंड पाडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेवटी ती विरघळली.

"जा. पण दोघांना नेतोयस तसं दोघांना घेऊन ये. काही कमीजास्त झालं ना, तर यापुढे पोरं माझ्याबरोबरच बाहेर पडतील. तुझ्याकडे बस तेवढी राहील."

ती हे हसत म्हणाली असती तर काकांनी सोडून दिलं असतं. पण ती हसली नाही. काकांना ते लागलं. स्वतःच्या पोरांच्या बाबतीत आपण बिनभरवशाचे ठरावं? त्यांनी मनाशी ठरवलं, आज हिला दाखवूनच द्यायचं.

पिशवीत सँडविच, केळी, उकडलेली अंडी, बिस्किटं, दोन टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या भरून वरात निघाली. बसस्टॉपपर्यंतच ढब्बूने तीन वेळा विचारलं की भुलभुलैयात वाघ असतो का. भिंगरीने तिन्ही वेळा सांगितलं की असतो.

बसमध्ये मुलांना खिडकी मिळाली. काकांना मागेच जागा मिळाली होती, पण दुसरा माणूस बस चालवतोय आणि आपण बसून राहायचं, हे त्यांना कसं सोसावं? ते पुढे जाऊन ड्रायव्हरच्या खांद्यावरून रस्ता बघत उभे राहिले. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय जागेवर नसलेला ब्रेक दाबत होता. सिग्नल लागला आणि सवयीने त्यांनी पुढे बघतच आवाज टाकला, "एक?"

"आहे!"

"दोन?"

आता इथे एक गुपित फुटतंय. ढब्बूचं तोंड सदा भरलेलं असायचं. भरल्या तोंडाने ओ देता येत नाही, आणि ओ दिली नाही तर बाबा घास थांबवतात. म्हणून बहीणभावांत कधीचा करार झाला होता. त्याच्या नंबराला भिंगरीने ओ द्यायची, आणि त्याबद्दल त्याने तिला अर्धं बिस्किट द्यायचं. पोरगी नक्कल करण्यात पटाईत. नाक दाबून, आवाज थोडा घोगरा करून ती अगदी ढब्बूसारखं म्हणायची, "आहे." आताही तिने तेच केलं आणि ढब्बूने इमानदारीत बिस्किट मोडून दिलं. पुढे उभे असलेले बाबा समाधानाने मान हलवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाग आली. आणि काय तो भुलभुलैया! झुडपांच्या हिरव्यागार भिंती काकांच्या डोक्याच्याही वर गेलेल्या, एका आत एक, वळणावर वळणं, आणि आतून नुसता किलबिलाट. मुलं दिसत नव्हती, फक्त त्यांच्या किंकाळ्या आणि खिदळणं ऐकू येत होतं. मधोमध कुठेतरी एक उंच ओटा होता, त्याच्यावर लावलेला लाल झेंडा तेवढा बाहेरून दिसायचा. दारावर खुर्ची टाकून एक म्हातारे राखणदार बसले होते, गळ्यात शिट्टी.

"लहान आहेत. हात धरून न्या हो," शिट्टीवाले आजोबा म्हणाले.

"आजोबा, आमची पद्धत आहे," काका छाती काढून म्हणाले. "काळजी करू नका."

आणि सुटले तिघेही. आधी मुलं पुढे आणि बाप मागे, मग बाप पुढे आणि मुलं मागे. एक वळण घेतलं की समोर भिंत. मागे फिरलं की दुसरी भिंत. "इकडे!" "नाही बाबा, तिकडे!" भिंगरी वाटाड्या झाली होती आणि ठामपणे चुकीची वाट दाखवत होती. ढब्बू वाघ शोधत होता. हसून हसून काकांच्या पोटात कळ आली. कित्येक वर्षांत ते असे धावले नव्हते. मधेमधे ते पुकारायचे, झुडपांमागून "आहे!" यायचं, पुन्हा "आहे!" यायचं, आणि काका आणखी जोरात पळायचे. शाळेच्या बसमधल्या कुठल्याही पोराला आज त्यांचा हेवा वाटला असता.

"बाबा, बाहेर! बाहेरची वाट!" भिंगरी ओरडली. समोर खरंच मोकळं आकाश होतं.

"एक?" काका धावता धावता ओरडले.

"आहे!"

"दोन?"

"आहे!"

काका उडी मारून बाहेर पडले, दोन्ही हात वर करून. "जिंकलो!" ते वळले. मागून भिंगरी आली. तिच्यामागे कुणीच आलं नाही.

"ढब्बू कुठाय?"

भिंगरीने मागे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"आत्ता तर म्हणाला ना तो, आहे म्हणून!"

"तो नाही म्हणाला," भिंगरीचा आवाज बसला. "मी म्हणाले."

"म्हणजे?"

"मीच म्हणते नेहमी. त्याच्या तोंडात घास असतो म्हणून. आता तो बोलला नाही, तर मला वाटलं खातोय." आणि तिने भोकाड पसरलं.

काकांच्या पायाखालची जमीन सरकली. नेहमी म्हणजे कधीपासून? म्हणजे आपण आजवर कुणाची हजेरी घेत होतो? शेवटचा खरा ढब्बू आपण कधी ऐकला? पहिल्या वळणावर? पण तो तरी खरा होता का? बागेला किती दारं आहेत? बाहेर तळं आहे का? डोक्यात एकदम सगळी चाकं फिरायला लागली. पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावा असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि तिचे हुंदके बघून ते मनातच विरलं. तिचा हात त्यांनी इतका घट्ट धरला की ती रडायची थांबली.

"आजोबा! बाहेर लहान मुलगा आला का? निळी टोपी?"

"दोन्ही दारं मला दिसतात. एकटं मूल बाहेर पडलेलं नाही," आजोबा उठत म्हणाले. "आतच आहे. मी दारावर उभा राहतो. तुम्ही जा."

काका आत घुसले. "दोऽऽन!"

"आहे!" डावीकडून आवाज आला.

काकांनी तिकडे झेप घेतली. तिथे एक दातपडका मुलगा आपल्या आईबरोबर उभा होता आणि खुशीत हसत होता.

"दोऽऽन!"

"आहे!" मागून कुणीतरी. "आहे!" पलीकडून. "आहे! आहे!" सगळीकडून. आत खेळणाऱ्या पोरांना हा नवाच खेळ सापडला होता. जो तो दोन नंबर झाला होता. एवढ्या दोनांमध्ये आपला दोन कुठला ओळखायचा? काकांच्या तोंडचं पाणी पळालं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला आणि मग त्यांनी तो आवाज काढला, जो बसमध्ये अगदी हाताबाहेर गेलं तरच काढायचे.

"सगळे गऽप्प!"

झुडपंसुद्धा गप्प झाली. मोठी माणसंही दचकून उभी राहिली. आणि त्या शांततेत, लांबून, लाल झेंड्याच्या बाजूने, एक बारीक, चिडका, हुकमी आवाज आला.

"एऽऽक?"

भिंगरीने श्वास घेतला आणि जीव खाऊन किंचाळली, "आहे!"

"बाबाऽऽ?"

काकांनी तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

"बाबाऽऽ?" या वेळी तो आवाज जरा कापला.

"आहे!" काका ओरडले. "आहे रे राजा, आहे! तिथेच थांब!"

मग अख्खा भुलभुलैया कामाला लागला. "डावीकडे घ्या हो!" "इथून रस्ता बंद आहे, मागे फिरा!" "ओट्यावर उभा आहे, मला दिसतोय!" दातपडका मुलगा पुढे धावत वाट दाखवत होता. ढब्बू मधूनमधून नंबर पुकारत होता आणि आता मात्र दोघंही आपापली ओ देत होती. शेवटचं वळण घेतलं तर समोर ओटा, आणि ओट्यावर कमरेवर हात ठेवून दोन नंबर. निळी टोपी उलटी, गालांवर ओघळ वाळलेले.

काकांनी त्याला उचललं. त्याचं डोकं, हात, पाय चाचपून बघितले. बूट बघितले. बूट त्याचेच होते.

"मी किती वेळ नंबर घेतोय," ढब्बू रागावून म्हणाला. "कुणी बोलतच नाही! हरवलात तर सांगायचं ना!"

काका हसले आणि रडले, आणि कुठलं आधी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

परतीच्या बसमध्ये ते पुढे गेले नाहीत. मागच्या सीटवर, दोघांच्या मधे, दोघांचे हात धरून बसले. वळणांवर त्यांचा पाय हलला नाही. भिंगरी कुजबुजली, "बाबा, आईला सांगायचं नाही ना?" काकांनी उत्तर द्यायचं टाळलं. टाळायची गरजही नव्हती. दार उघडताच ढब्बू आईच्या पायांना बिलगला.

"आई! बाबा आणि ताई हरवले होते! मी शोधले!"

ती काकांकडे बघत राहिली. एरवी ती त्यांना 'अरे' म्हणायची. 'अहो' आलं की समजावं, वादळ आलं.

"अहो," ती म्हणाली.

काकांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. नक्कल, बिस्किट, रिकामी वाट, सगळं. भिंगरी मान खाली घालून त्यांच्या शेजारी उभी राहिली. बायको ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता, पण तिने आवाज चढवला नाही. ते जास्त वाईट होतं.

"लोकांच्या मुलांसाठी सीटखाली वाकून बघतोस," ती शेवटी म्हणाली. "आपल्यांसाठी नुसतं ऐकून भागतं?"

खरं होतं ते.

जेवायला बसले तेव्हा घरात पहिल्यांदाच हजेरी झाली नाही. काकांना पुकारायचा धीरच होईना. पोळीचा तुकडा ताटात तसाच पडला होता. रविवार गेले, पोरं गेली, बस तेवढी राहिली, असं त्यांच्या डोक्यात चाललं होतं. तेवढ्यात ढब्बूने घास गिळला, अगदी पूर्ण गिळला, आणि खुर्चीवर उभा राहिला.

"एक?"

"आहे," भिंगरी म्हणाली. स्वतःच्या आवाजात.

"बाबा?"

"आहे."

"आई?"

ती ताटाकडे बघत राहिली. भिंगरीचा हात आपोआप नाकाकडे गेला, आईच्या आवाजात ओ द्यायला, आणि अर्ध्यात थांबून खाली आला. ढब्बू वाट बघत होता. तिघंही वाट बघत होती.

"आहे रे, आहे," ती म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. मग काकांच्या ताटात भाजी वाढता वाढता, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या रविवारीही ड्युटी आहे मला. तळ्यावर न्यायचं म्हणत होतास ना यांना? जा घेऊन. पण मोजताना वळून बघत जा."

काकांनी मान हलवली, मग वळून आधी भिंगरीकडे बघितलं आणि नंतर ढब्बूकडे.