थोड्या वेळाने म्हणजे कधी?

सकाळी आईने मोबाइलच्या पडद्याचा फोटो पाठवला. पांढऱ्या पानावर एकच ओळ होती : ‘गर्दी जास्त आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ ती ओळ मीच लिहिलेली. एका रुग्णालयाच्या तपासणीच्या वेळा आमच्या वेबसाइटवरून मिळतात. नोंदणी उघडली की हजारो माणसं एकदम येतात आणि सर्व्हर कोसळतो. म्हणून या वेळी मी झेपतील तेवढ्यांनाच आत घेतलं, बाकीच्यांना ती ओळ दाखवली.

मग आईचा फोनच आला. “अगं, बाबांच्या डोळ्यांसाठी मघापासून बसलेय. थोड्या वेळाने म्हणजे कधी?”

“आई, सारखं दाबत राहू नकोस. त्यानेच भार वाढतो.”

“मग नंबर कसा लागणार?”

मला चीड आली, ती माझ्याच शहाणपणाची. यंत्र टिकावं म्हणून माणसांना बाहेर उभं करायचं, आणि बाहेर कोण कशासाठी ताटकळतंय हे आपल्याला कधी कळतही नाही. ऑफिसात माझ्यापुढच्या पडद्यावर तर फक्त आकडे हलत होते.

तेवढ्यात आजच्या सगळ्या वेळा भरून संपल्या. साहेब मागून मोठ्याने म्हणाले, “शाबास! आज सर्व्हर एकदाही बंद पडला नाही.”

फोनवर आईने ते ऐकलं असावं. “चला,” ती म्हणाली, “तुझं तरी काम झालं.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच बरं वाटलं होतं तिला.