आबांची एकेरी चिन्हं

धुळ्याच्या आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीतून रद्दी महिन्याच्या महिन्याला जायची. किस्से मात्र कोणी नेत नसे, म्हणून ते साठत गेले. स्वातंत्र्य नवं होतं, गावोगाव नाटकं निघत होती आणि जो तो पुस्तक लिहीत होता. वाचायला तेवढं कोणी मोकळं नव्हतं! ते काम माझ्याकडे आलं. मी प्रुफं तपासायचो.

संपादक आबांचा देशावर विश्वास होताच, पण त्याहून जास्त अवतरणचिन्हांवर. पुस्तक असो, नाटक असो, सिनेमा असो, नाव एकेरी चिन्हातच छापायचं. "नाहीतर नाव कुठं संपलं न् बातमी कुठं सुरू झाली, वाचकाला कळणार कसं?"

* * *

धरणगावच्या एका वकीलसाहेबांनी चरित्र लिहिलं. स्वतःचंच. आम्ही नाव छापलं, 'माझे थोर जीवन'. साहेब काठी आपटत हजर!

"आबा, माझ्या ग्रंथाला एकेरीवर आणलंत? दुहेरी चिन्ह द्या!"

"साहेब, दुहेरी चिन्ह कोणी बोललेल्या शब्दांना."

"मग माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललंच नाही, असं म्हणायचंय?"

आबांनी प्रुफात डोकं खुपसलं. साक्षीदार आणायचे कुठून?

* * *

एका कवीची तक्रार वेगळीच. "संग्रहाचं नाव अवतरणात टाकलंत, म्हणजे मी कविता उचलल्या असंच ना?"

"छे हो," आबा म्हणाले, "उचललेल्या असत्या तर वाचण्याजोग्या तरी असत्या!"

* * *

मग जळगावला नाट्यस्पर्धा झाली. आमच्या छापखान्यात चिन्हांचे वेगळे शिशाचे खिळे कुठले? कंपोझिटर रहीमभाई स्वल्पविरामाचाच खिळा उलटा बसवून भागवायचे. नाटकांच्या नावांतच सगळे स्वल्पविराम खपले! उरलेला अंक त्यांच्याशिवायच निघाला, आबांच्या अग्रलेखासकट.

अख्खा अंक वाचून बाजारात एका कापूसवाल्यानं आबांना गाठलं. "आबा, अंक बठ्ठा वाचा, पन श्वास लेवाले जागाच नही!"

* * *

पुढे रहीमभाईंना चिन्हांची इतकी सवय झाली, की जरा भारदस्त शब्द दिसला की तो चिन्हात! "केळीचे व्यापारी 'दानशूर' शेठजींनी शाळेला घंटा दिली."

आता फिर्याद होणार, असं वाटलं. शेठजी केळ्यांची फणी घेऊन आले! "बाकीच्यांचं साधं छापता. माझं दानशूर कसं उठून दिसतं!"

पुढच्या आठवड्यात एक 'निःस्वार्थी' आणि एक 'चारित्र्यवान' स्वतः येऊन तशीच मागणी नोंदवून गेले. आबांचं डोकं फिरलं.

"रहीमभाई, आजपासून चिन्हं बंद!"

"नाटकांचीपण?"

"बठ्ठी बंद!"

* * *

नेमकी त्याच अंकात शिंदखेड्याची बातमी होती. तिथल्या हौशी मंडळींच्या 'गोडीगुलाबीचा संसार' नाटकात हेडमास्तर नायक होते. मिशी काढा म्हटल्यावर ते रुसले आणि नाटक सोडून गेले. आम्ही छापलं: "हेडमास्तरांनी गोडीगुलाबीचा संसार सोडला. त्यांची जागा तलाठी घेतील. प्रयोग शनिवारी."

शनिवारच्या आतच नरडाण्याहून मास्तरांचे सासरे दोन धिप्पाड मुलांना घेऊन शिंदखेड्यात उतरले. तलाठी रजेवर गेले. मास्तर घाम पुसत आमच्या कचेरीत आले.

"आबा, शाळेत पोरं हसतात हो! बदली होईल माझी. खुलासा छापा!"

आबांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. खुलासा मी लिहिला, रहीमभाईंनी जुळवला. चिन्हांसकट.

अंक मशीनवर चढणार, तोच मास्तरांच्या पत्नी दारात उभ्या! आम्ही सगळे ताडकन उठलो.

"अक्का, चूक आमची," आबा घाईघाईनं म्हणाले. "खुलासा उद्याच येतोय."

"तेच बोलायला आले." अक्कांनी पदर सावरला. "बातमी आल्यापासून हे शाळा सुटली की थेट घरी येतात. परवा तर माझ्यासाठी चहा टाकला."

मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "आबा, खुलासा दिवाळीनंतर छापला तर नाही का चालणार?"