यादीतलं पाळणाघर

सरकारी आकड्यांवर माझ्या मावसाजींइतकं निस्सीम प्रेम करणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. नेरमधल्या त्यांच्या अंगणात निंबाखाली खुर्ची टाकायची, मोबाईलवर कुठल्यातरी खात्याची यादी उघडायची आणि डोळे अर्धवट मिटायचे, की स्वारी निघाली! लेकरू दिसलं की त्याला सांभाळायला महिन्याकाठी काय लागेल, त्यातलं सरकार किती देईल, याचा अंदाज त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडे. दूध, खिचडी, बाईचा पगार, अगदी पाळण्याची दोरीसुद्धा. एका लग्नात तर भर पंगतीत त्यांनी नवरीलाच विचारलं, "पाळणाघराचं काय ठरवलं वो बाई?" बिचारीच्या घशात बुंदी अडकली. मावशीनं कपाळाला हात लावला, "या माणसाले कुठं न्यायची सोय नाही!"

माझी मुन्नी रांगायला लागली आणि माझी रजा संपत आली, तेव्हा मात्र मी आपण होऊन त्या निंबाखाली गेले. घरात वडीलधारं कुणी नाही, नवरा रोज एसटीनं यवतमाळला, माझी बँकेतली नोकरी नवीन. लेकीची सोय झाली नाही तर राजीनामा, इतकं सरळ होतं. मावसाजींनी आमचे पगार विचारले, सरकारी पाळणाघरांची यादी खालीवर केली आणि खुर्चीतून उठलेच. "बसते पोरी, तू नियमात बसते! अन् पाळणाघर बजाराच्या मांगंच हाय. फुकटातच समज." मी मुन्नीचे पटापट मुके घेतले.

आम्ही लगेच बाजारामागे गेलो. पत्ता बरोबर होता. दाराला कुलूप, आणि ओट्यावर एक शेळी रवंथ करत बसलेली. शेजारीण म्हणाली, "ते तं कवाचंच बंद पडलं." मला रडूच कोसळलं. मावसाजी नुसते शेळीकडे बघत राहिले. ज्या यादीवर देवासारखा भरवसा टाकला, ती त्यांच्याशी खोटं बोलली होती. परतताना त्यांनी मोबाईल खिशातून काढलाच नाही.

रुजू व्हायच्या सकाळी त्यांचा निरोप आला, लेकीला घेऊन ये. गेले, तर बैठकीत आढ्याला मावशीच्या जुन्या लुगड्याचा झोका टांगलेला, खाली गादी, आणि मावशी पदर खोचून उभी. "यादीत हाय मंजे हाय," मावसाजी म्हणाले. "फक्त पत्ता बदलला. जाय तू बँकेत."

आता मुन्नी शाळेत जाते. परवा दुपारी गेले, तर मावसाजी डोळे मिटून रिकाम्या झोक्याची दोरी ओढत बसलेले.

"कायले ठेवला हो आता?" मी विचारलं.

"यादीतून पाळणाघराचं नाव नाही निघालं न अजून," ते म्हणाले. "कोणी लेकरू घेऊन आलं तं?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि थोडा वेळ दोरी माझ्या हातात घेतली.