जावई चिखलात उतरत नाही

आरमोरीला ती बाई एसटीत चढली तेव्हा बसायला जागा नव्हती. माझ्या शेजारी, दिव्यांगांसाठी राखीव सीटवर एक धडधाकट गृहस्थ झोपले होते. झोप इतकी गाढ, की खिडकीबाहेर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिचकारी मारण्यापुरतेच डोळे उघडत.

बाईने लुगडं जरा वर धरलं. ती सावळी, आणि डावा पाय चक्क गोरा. शिबिरात मिळालेला, रबरी. गृहस्थ झोपलेलेच. मग तिने पिशवीतून आणखी एक पाय काढला, बांबूचा, आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

"भाऊ, माही चिंता नोका करू. याले तेवढं बसू द्या."

गृहस्थ ताडकन उठले. अर्धी बस हसली. बाई माझ्या शेजारी ऐसपैस बसली. मी विचारलं, "दोन कायले?"

"हा जावई आहे," गोऱ्या पायावर टिचकी मारत ती म्हणाली. "लग्नात मिरवते, फोटोत येते. चिखलात नाई उतरत."

शिबिरवाल्यांनी पायाचं माप घेतलं होतं, धानाच्या बांधीतल्या, भातखाचरातल्या चिखलाचं कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून रोवणीसाठी, भाताची रोपं लावायला, तिने गावच्या बुरडाकडून हा बांबूचा करून घेतला, खाली टोपलीसारखा पसरट. रुतत नाही. आत्ताही ती माहेरी रोवणीलाच निघाली होती.

तेवढ्यात ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. गृहस्थ दांड्याला लोंबकळत कसेबसे सावरले.

बाईने बांबूचा पाय त्यांच्यापुढे धरला.

"जमून नाई राह्यलं काय, भाऊ? घ्या. उतरताना वापस द्या."