देवपूरपर्यंतचा जामीन

धरणगावहून धुळ्याला जायचे दोन रस्ते आहेत. एक एरंडोल-पारोळ्यावरून हायवेने, दुसरा अमळनेरवरून. शहाणी माणसं पहिल्याने जातात. मी दुसरा धरला, कारण समोर उभी असलेली एसटी सोडून न आलेल्या गाडीची वाट बघणं मला आजवर जमलेलं नाही. गाडीत चढले तेव्हा आत कंडक्टरच्या पेटीखेरीज कोणी नव्हतं.

गौरीला देवपुरातल्या कॉलेजात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता. फी भरायची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती. शिक्षणासाठीच्या सरकारी कर्जाचा अर्ज आम्ही दोघींनी ऑनलाइन भरला होता, पण बँकेला कॉलेजचं फीचं पत्र सही-शिक्क्यासह मूळ प्रतीत हवं होतं. पत्र नाही तर कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर कॉलेज नाही. गौरी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत उभी होती, म्हणून पत्र आणायला मी निघाले.

गौरी माझ्या धाकट्या भावाची, दिलीपची मुलगी. ती चालायला लागण्याआधीच भावजय वारली. दिलीप सुरतेच्या कापडगिरणीत, पुढे त्याने तिथेच दुसरा संसार मांडला. मी नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, गावातल्याच शाळेत शिक्षिका. त्यामुळे पोर माझ्याकडे राहिली आणि बोलायला लागल्यापासून मला माय म्हणते. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागली होती. अमळनेरला गाडी बदलायची होती. स्टँडबाहेर मिरचीची भजी घेतली. गौरी असली की अर्धी प्लेट तिची. तिखट लागून डोळ्यांत पाणी येतं तरी हात आखडत नाही. आज सगळी प्लेट माझीच होती आणि ती संपवताना मला कंटाळा आला.

धुळ्याच्या गाडीत शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत गिलकी. बसल्याबसल्या तिने चौकशी सुरू केली. कुठली, कोणाची, कुठे चालली. मग म्हणाली, “पोरंसोरं कितला शेतस?” (मुलंबाळं किती आहेत?)

“एक पोर शे,” मी म्हटलं.

ती समाधानाने मान हलवून झोपली, ती थेट धुळं येईपर्यंत. तिची मान माझ्या खांद्यावर पडली होती. मी ती तशीच राहू दिली.

पांझरेचा पूल ओलांडला की देवपूर. तिथे इतकी कॉलेजं आहेत की रिक्षावाल्याने मला मोठ्या खात्रीने भलत्याच कॉलेजात उतरवलं. मीही फाटकावरची पाटी न वाचता आत गेले, एका रांगेत उभी राहिले आणि नंबर आल्यावर कळलं की ही फार्मसी. आयुष्यभर मुलांना प्रश्न नीट वाचा म्हणून ओरडले, त्याची फेड झाली. पुढचं अंतर उन्हात चालत गेले. योग्य कॉलेजातला क्लार्क जेवायला गेला होता. तो येईपर्यंत वसतिगृह बघून घेऊ म्हटलं. तिथल्या रखवालदारीण बाईंनी एक खोली उघडून दाखवली. तीन खाटा, तीन कपाटं, खिडकीतून दिसणारं लिंबाचं झाड. खोली चांगली होती. ती वाईट निघाली असती तर मला बरं वाटलं असतं, हे तिथेच दारात उभ्या उभ्या कळलं आणि स्वतःचा राग आला.

पत्र मिळालं. परतीच्या गाडीत ते पर्समध्ये आहे ना, हे मी सारखी चाचपत होते.

रविवारी कानबाई देवीचा सण होता. आमच्या खान्देशात श्रावणातल्या या दिवसासाठी माणसं सुरतेहून, पुण्याहून गावाकडे येतात. दिवाळी चुकली तर चालते, कानबाई नाही. दिलीपही आला. त्या दिवशी रोट करतात, म्हणजे कानबाईच्या नावाने मोजून दळलेल्या गव्हाचा नैवेद्य. तो भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही. आमच्या कुळात लग्न होऊन गेलेली मुलगी बाहेरची धरतात, मग ती परत येऊन त्याच घरात म्हातारी का होईना. गहू निवडते मी, दळून आणते मी, रोट लाटते मी. पंगत बसली की मी आपली वरणभाताचं ताट घेऊन ओट्यावर जाते. इतक्या वर्षांत त्याचं काही वाटेनासं झालंय असं मी म्हणते.

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाईला नदीवर पोचवलं आणि तिथूनच आम्ही तिघं धरणगावला बँकेत गेलो. दिलीपला दुपारच्या गाडीने सुरत गाठायची होती, म्हणून दुसरा दिवस नव्हता. त्याच्या कपाळावर गुलाल तसाच होता. वाटेत तो म्हणाला, “अक्का, बठ्ठं तूच देख. मी नुसती सही करस.” (सगळं तूच बघ, मी फक्त सही करतो.)

मी तेच ठरवून आले होते. सहकर्जदार म्हणजे मुलीबरोबर कर्जाला बांधलेला पालक. अर्जात तिथे मी माझंच नाव भरलं होतं. पगार माझा, शाळेच्या दाखल्यांपासून गोवराच्या तापापर्यंत सगळं मी केलेलं. मला त्यात शंकाच आली नव्हती.

काउंटरमागच्या मॅडम तरुण होत्या, नाशिककडच्या असाव्यात. बोलायला गोड. त्यांनी कागद पाहिले आणि सांगितलं की वडील हयात आहेत तेव्हा सहकर्जदार वडीलच. माझ्याकडे पालकत्वाचा कोर्टाचा कागद नाही, म्हणून मला पालक धरता येत नाही. मात्र वडिलांच्या कमाईचा पक्का पुरावा नाही, त्यामुळे पगारदार जामीनदार लागेल. जामीनदार कोणीही चालतो, नात्यातला असलाच पाहिजे असं नाही.

“मग मी जामीनदार,” मी म्हटलं.

मॅडमनी गौरीला विचारलं, “ह्या कोण तुझ्या?”

आदल्या रात्री मीच तिला पढवलं होतं. बँकेत सगळ्यांनी कागदाप्रमाणे बोलायचं, नाहीतर फाटे फुटतात. गौरी हुशार पोर. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “आत्या.”

उत्तर अगदी बरोबर होतं. पण तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मला फार वाईट वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी चष्मा पुसत बसले.

सह्या झाल्या. मॅडम म्हणाल्या, मंजुरीला अडचण दिसत नाही. त्या आनंदात दिलीपने एक घोटाळा केला. रोट घराबाहेर न्यायचे नाहीत, पण सुरतवाल्यांनी तो नियम केव्हाच सैल केलाय. त्याच्या डब्यात वाटेतल्या जेवणासाठी दोन रोट होते. डबा उघडून त्याने एक तुकडा मोडला, “घ्या मॅडम, परसाद शे,” म्हणून पुढे केला. मॅडमनी कौतुकाने हात पसरला. आणि आपण काय करतोय हे त्याला त्याच क्षणी उमगलं. तो तुकडा ना पुढे जाईना ना मागे येईना. गौरी खाली बघायला लागली. मॅडमचा हात तसाच पसरलेला.

“तो घेऊ नका मॅडम,” मी म्हटलं, “आम्हा बाहेरच्यांना चालत नाही.”

त्यांनी हात मागे घेतला आणि हसून म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूच्या.” मी हो म्हटलं. दिलीपने डबा बंद केला. त्याला स्टँडवर सोडलं तेव्हा तो माझ्या पाया पडला. असं तो एरवी करत नाही.

मुदतीआधी मंजुरीचं पत्र आलं, बँकेने फी थेट कॉलेजला पाठवली. मी गौरीला घेऊन पुन्हा धुळ्याला निघाले, या वेळी हायवेने. पारोळ्याला तिने भजी खाल्ली, मला चहा पाजला, मोबाइलवर वर्गातल्या मुलींचे मेसेज दाखवले. वसतिगृहात खिडकीजवळची खाट मिळाल्यावर तिचा चेहरा उजळला. मी गादीवर चादर घातली, कपाटाला कागद लावला, लिंबाचं लोणचं कुठे ठेवलंय ते दोनदा सांगितलं. मग काम संपलं. ती फाटकापर्यंत आली, गळ्यात पडून रडली. मी रडले नाही, कारण एकीने तरी रिक्षाला हात करायला हवा होता.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. पारोळा येईस्तोवर अंधारून आलं. घरी कुलूप काढायचं, एकटीपुरता कुकर लावायचा की भाकरीवर भागवायचं, हाच काय तो विचार होता. जामीनपत्राची माझी प्रत पर्समध्ये होती, ती बाहेर काढून वाचली. अर्जदाराने कर्ज थकवलं तर बँकेने माझ्याकडे यायचं. कर्ज फिटेपर्यंत मी या मुलीला बांधील. रोट लाटून मला घरात नातं मिळालं नाही, वाढवून कागदावर मिळालं नाही. हे एवढं मात्र लेखी, शिक्क्यासह मिळालं होतं.

गौरीचं शिक्षण पुरं होईल, नोकरी लागेल, मग हप्ते सुरू होतील. ती एकही हप्ता चुकवणार नाही, पोर तशी नाही, आणि तिने चुकवूही नये. फक्त शेवटचा हप्ता तिने लवकर भरू नये, असं मला त्या गाडीत वाटलं.